टेबलं शिकून झाली, पुढं काय?

एसक्यूलाइट या डेटाबेसची सुरुवात सोपी आहे. टेबल तयार करायचं, ओळी घालायच्या, बदलायच्या, काढायच्या, दोन टेबलं जोडून यादी मागायची, बेरजा करायच्या. नेटानं बसलं की एवढं लवकर हाताखालून जातं. ना सर्व्हर लागतो, ना पासवर्ड; सगळा कारभार एका फाईलीत. त्यानंतर मात्र रस्ता फुटतो. वडूजसारख्या तालुक्याच्या गावात बीसीए करणारी मुलं या फाट्यावर आली की त्यांना दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ही बालवाडी होती, आता मोठ्या डेटाबेसला हात घाला. दुसरा म्हणतो, आहे तेच खोल शिका. दोन्हींमागं अनुभव आहे, म्हणून ते मी इथं मामा आणि भाचीच्या तोंडी घातले आहेत.

मामा वडूजचा. १९९० च्या दशकात पतसंस्थांना आणि दूध संस्थांना फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचे प्रोग्राम करून देणाऱ्या पिढीतला, पुढं एसक्यूलाइटवर आलेला. भाची साताऱ्यात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या या धंद्यापायी देशभर पांगली. त्यातल्याच एका घरची ही पोर आजोळी वाढली.

भाची : मामा, एसक्यूलाइट झालं माझं. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी, सगळं येतंय. आता पोस्टग्रेस धरते. पुण्यातल्या नोकरीच्या जाहिराती बघा, त्यात पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल मागतात. एसक्यूलाइट येतं का, असं कुणी विचारत नाही.

मामा : झालं म्हणजे काय झालं? कुणाचा हिशेब आहे त्यात?

भाची : हिशेब कुठला? शिकायचा डेटा. विद्यार्थी, विषय, गुण. पंधरा-वीस ओळी असतील.

मामा : त्यातली एखादी ओळ चुकली तर कुणी दारात येऊन भांडतं का?

भाची : कोण येणार?

मामा : मग एक काम घे. आपल्याकडं एका दूध संस्थेचं आहे. दोनशेच्या आसपास उत्पादक, सकाळ-संध्याकाळ संकलन. लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर. दहा दिवसांनी बिल, आणि बिलातून पेंडीचे पैसे आणि उचल कापायची. हे नीट मांडून दाखव. पोस्टग्रेस कुठं पळून जात नाही.

भाची : मांडते की. उत्पादक हे एक टेबल, संकलन हे दुसरं, दरपत्रक तिसरं. आणि मामा, टेबलांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात, मी करून बघितलंय. बिल म्हणजे त्या फॅट-एसएनएफचा दर गुणिले लिटर.

मामा : दर बदलला की?

भाची : दरपत्रकात अपडेट मारायचं.

मामा : आणि मागच्या महिन्याचं बिल परत छापायला लागलं तर?

भाची : ते... नवीन दरानं येईल.

मामा : येईल. आणि उत्पादक जुनं बिल खिशातनं काढून तुझ्यापुढं ठेवील. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफचा दर वरून जाहीर होतो, वर-खाली होतो, कधी एका वर्षात बऱ्याच वेळा. दर खोडायचा नाही. 'कधीपासून लागू' असा एक रकाना कर आणि नवीन ओळ घाल. बिल काढताना त्या तारखेला लागू असलेला शेवटचा दर उचल.

भाची : म्हणजे प्रत्येक संकलनाला त्याच्या तारखेच्या आधीची सगळ्यात अलीकडची ओळ. ही क्वेरी सोपी नाही.

मामा : म्हणूनच म्हणतो, झालं म्हणू नकोस.

भाची : पण हे पोस्टग्रेसमध्येही असंच करावं लागेल. यात एसक्यूलाइटचं काय?

मामा : काही नाही. तेच सांगतोय. जे तिथं जाऊन शिकणार आहेस त्यातलं निम्म्याहून जास्त इथंच, सर्व्हर बसवायच्या भानगडीत न पडता शिकता येतं. दोनशे माणसांचे पैसे त्यात असले की शिकावंच लागतं.

इथं मामाची बाजू मला पटते. शिकवणीतला डेटा स्वच्छ असतो. त्यात कुणी मेलेलं नसतं, कुणाचं नाव दोनदा लागलेलं नसतं, कुणी सकाळचं दूध संध्याकाळच्या पानावर लिहिलेलं नसतं. खऱ्या वहीत हे सगळं असतं. पण मामाचं पुढचं म्हणणं याहून महत्त्वाचं आहे, कारण ते थेट एसक्यूलाइटच्या स्वभावाबद्दल आहे.

भाची : टेबलं केली मामा. मागच्या वर्षाच्या वहीतलं संकलन मुलांना बसवून भरून घेतलं. पण एका उत्पादकाच्या लिटरची बेरीज शून्य येतेय. ओळी दिसतायत, आकडे दिसतायत, आणि बेरीज शून्य पूर्णांक शून्य.

मामा : आकडे कसे भरलेत? मराठी की इंग्रजी?

भाची : त्या मुलानं मराठी कीबोर्ड ठेवलावता. म्हणजे देवनागरीत. पण रकान्याचा प्रकार मी इंटिजर दिलाय! चुकीचं असेल तर घेतलंच कसं त्यानं?

मामा : एसक्यूलाइट रकान्याचा प्रकार सूचना म्हणून घेतं, हुकूम म्हणून नाही. आकड्यासारखं दिसलं तर आकडा करून ठेवतं, नाही दिसलं तर मजकूर म्हणून आहे तसं ठेवून देतं. त्याला फक्त इंग्रजी अंक आकडे म्हणून कळतात. '४२' हा त्याच्या लेखी मजकूर, आणि बेरजेत त्याची किंमत शून्य. तसंच नावाला वीस अक्षरांची मर्यादा लिहिलीस तरी ते दोनशे अक्षरं घेईल.

भाची : मग हा दोष झाला. पोस्टग्रेसनं ओळ परत पाठवली असती.

मामा : दोष म्हण, स्वभाव म्हण. ज्यांनी केलं त्यांना तो सोयीचा वाटला. पण २०२१ पासून उपाय आहे. टेबल करताना शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहायचा. मग इंटिजरच्या रकान्यात मजकूर आला की तिथंच नकार. जुनी आवृत्ती असेल तर 'चेक'ची अट घाल, की या रकान्यात आलेल्याचा प्रकार इंटिजरच पाहिजे.

भाची : आणि लिटर साडेसात असले तर? दशांश लागेल ना.

मामा : मिलिलिटर ठेव. साडेसात लिटर म्हणजे साडेसात हजार. रुपये नको, पैसे ठेव. फॅट दहापट करून ठेव, तीन पूर्णांक पाच म्हणजे पस्तीस. दशांशाचे आकडे यंत्रात तंतोतंत बसत नाहीत, वर्षाच्या ताळेबंदाला चार-आठ आण्यांचा फरक निघतो आणि तो शोधायला रात्र जाते. तारखेला तर एसक्यूलाइटमध्ये वेगळा प्रकारच नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा मजकूर ठेव. मजकुराचा क्रम आणि तारखेचा क्रम एकच राहतो.

मराठीत डेटा ठेवणाऱ्यानं इथं जरा थांबलं पाहिजे, कारण इंग्रजी पुस्तकांतून शिकताना हा भाग कुणीच सांगत नाही. एसक्यूलाइट नावांचा क्रम लावतं ते अक्षरांच्या युनिकोडमधल्या क्रमांकावरून. त्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागं येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'ॲ' या अक्षराचा क्रमांक तर 'ह'च्याही पुढचा. त्यामुळं ॲडव्हान्स ही कपात यादीत सगळ्यात खाली जाऊन बसते. त्याहून वाईट म्हणजे हेच अक्षर दुसऱ्या एका पद्धतीनंही टाईप होतं, 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला वेगळी. कपातींची गटवार बेरीज मागितली की ॲडव्हान्सच्या दोन ओळी येतात आणि दोन्ही अर्धवट. यावर इलाज एकच: कपातीचे प्रकार हातानं टाईप करायचेच नाहीत. त्यांचं छोटं टेबल करायचं, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि भरताना क्रमांकच निवडायचा. नावांचा मराठी क्रम हवा असेल तर पायथनमधून स्वतःचा तुलनेचा नियम एसक्यूलाइटला देता येतो.

शोधाचंही तसंच. एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधायची चांगली यंत्रणा आहे, एफटीएस५ नावाची. पण ती शब्द तोडताना फक्त अक्षरं आणि अंक धरते. काना, मात्रा, वेलांटी यांना विरामचिन्हासारखं वागवते. 'माने' या आडनावाचे तिच्या लेखी 'म' आणि 'न' असे दोन तुकडे होतात. 'मोने'चेही तेच दोन. माने शोधायला गेलं की मोने हाती लागतात. टेबल तयार करताना मात्रांचे दोन्ही युनिकोड वर्ग शब्दाचा भाग म्हणून धरायला सांगितलं की हे थांबतं. एका ओळीचं काम आहे, पण ते माहीत नसल्यामुळं मराठीतला शोध नीट चालतच नाही असं समजून लोकांनी तो सोडून दिलेला मी पाहिला आहे. आपल्या भाषेतला हिशेब आपल्या भाषेत नीट ठेवता आला पाहिजे, आणि तो ठेवता येतो.

मामा : बरं, बिल काढताना मध्येच वीज गेली तर?

भाची : लॅपटॉपला बॅटरी आहे.

मामा : संस्थेत लॅपटॉप नाही, जुना डेस्कटॉप आहे. आम्ही फॉक्सप्रो चालवलं ते भारनियमनाच्या दिवसांत. लिहिता लिहिता लाईट गेली की इंडेक्सची फाईल बिघडायची. मग सगळं परत रिइंडेक्स करायचं, आणि शेवटची कुठली नोंद चढली, कुठली नाही, ते वहीशी ताडून बघायचं.

भाची : यात ट्रान्झॅक्शन आहे. बिगिन म्हणायचं, कामं करायची, कमिट म्हणायचं. सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही.

मामा : व्याख्या बरोबर. तुझ्या बिलाच्या प्रोग्रामात कुठं आहे ते?

भाची : प्रत्येक बिलाची नोंद वेगळी जाते. म्हणजे प्रत्येक नोंद हाच एक ट्रान्झॅक्शन.

मामा : मग मध्येच लाईट गेली की निम्म्या लोकांची पेंड कापली जाईल, निम्म्यांची नाही. परत चालवलंस की पहिल्या निम्म्यांची दुसऱ्यांदा कापली जाईल. सगळ्या बिलांभोवती एकच बिगिन-कमिट घाल. मग बघ, वेळही वाचेल. प्रत्येक कमिटला ते डिस्कवर खरंच लिहिलं गेलं याची खात्री होईपर्यंत थांबतं. दोनशे वेळा थांबण्यापेक्षा एकदा थांबेल.

भाची : पण लाईट गेल्यावर त्याला कसं कळतं, कुठवर आलो होतो?

मामा : फाईलीतलं पान बदलायच्या आधी ते जुनं पान शेजारच्या जर्नल फाईलीत उतरवून ठेवतं. कमिट झालं की ती फाईल काढून टाकतं. काम अर्धवट राहिलं तर जर्नल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी डेटाबेस उघडला की ते बघतं, जुनी पानं परत जागेवर ठेवतं आणि अर्धवट काम पुसून टाकतं. आपण काही करायचं नसतं. फक्त एक: लाईट आल्यावर कुणीतरी साफसफाई करायला बसतो, ही कसली जर्नल नावाची फाईल म्हणून ती उडवतो. ती उडवली की दुरुस्तीचा आधारच गेला.

भाची : हे कॉलेजात नाही सांगितलं.

मामा : कॉलेजातल्या पंधरा ओळींना त्याची गरज नव्हती.

एसक्यूलाइटच्या जन्माची गोष्टही याच जातीची आहे. २००० साली डी. रिचर्ड हिप हा अमेरिकन प्रोग्रामर अमेरिकेच्याच नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर करत होता. जहाजावर वेगळा डेटाबेस सर्व्हर होता. तो बंद पडला की याचा प्रोग्राम नुसता 'जोडता येत नाही' म्हणून बसायचा. शिव्या मात्र प्रोग्रामलाच. मधला सर्व्हरच काढून टाकावा, प्रोग्रामनं थेट फाईलीशी बोलावं, सांभाळायला वेगळा माणूस लागू नये, या विचारातून हे तयार झालं आणि त्यानं ते कुणालाही कसंही वापरायला मोकळं सोडलं. आज प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये ते आहे. फोनवरचे व्हॉट्सॲपचे संदेश आणि ब्राउझरमधला इतिहास त्याच प्रकारच्या फाईलीत राहतो. डेटाबेस सांभाळायला माणूस नसलेलं ठिकाण म्हटलं की जहाज असो नाहीतर दूध संस्था, गरज तीच.

मामाला त्यात आणखी एक जमेची बाजू दिसते. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये घेतलं, २००४ मध्ये शेवटची मोठी आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये आधारही थांबवला. तालुक्यातालुक्यांतल्या संस्थांचे हिशेब एका बंद पडलेल्या गोष्टीत अडकले. एसक्यूलाइटच्या फाईलीची मांडणी २००४ पासून तीच आहे, आणि करणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा शब्द दिला आहे. एकदा पोळलेल्या माणसाला याची किंमत कळते.

भाची : उत्पादकाच्या टेबलातून मी चुकून एक कोड काढला, आणि त्याचं संकलन तसंच राहिलं. फॉरेन की दिली होती की मी!

मामा : दिली होतीस, चालू केली नव्हतीस. एसक्यूलाइटमध्ये ती मुळात बंद असते. प्रत्येक वेळी जोडणी उघडली की प्रॅग्मा फॉरेन कीज ऑन म्हणायचं. प्रत्येक वेळी. हे एकदा लिहून भिंतीला लाव.

भाची : आणि चुकीचं संकलन दुरुस्त कसं करायचं? अपडेट करायचं नाही म्हणालात.

मामा : दर बदलायचा नाही म्हणालो. पण बरं विचारलंस. कीर्द लिहिताना आम्ही खोडत नव्हतो. चुकली तर उलटी नोंद टाकायची, मग बरोबर नोंद. संकलनाचंही तसंच कर. ट्रिगर लावून अपडेट आणि डिलीट दोन्ही अडव. कुणी प्रयत्न केला तर 'उलटी नोंद टाका' असा निरोप येऊ दे. सचिव बदलला, लेखापरीक्षक आला, तरी काय झालं ते दिसतं.

भाची : खात्याची चालू बाकी तेवढी राहिली. प्रत्येक ओळीला आधीच्या सगळ्यांची बेरीज. मी त्याला पायथनमध्ये लूप फिरवलाय.

मामा : २०१८ पासून एसक्यूलाइटला विंडो फंक्शन आहेत. उत्पादकागणिक गट, तारखेचा क्रम, आणि त्यावर बेरीज. एका क्वेरीत खतावणीचं पान तयार होतं. हे तुझ्या पुण्याच्या मुलाखतीतही विचारतील बघ.

भाची : ते विचारतात, खरं आहे.

इंडेक्सवर दोघांचं फार वाजलं नाही. दोनशे उत्पादक, दोन वेळा, म्हणजे वर्षाला १ लाख ४६ हजार ओळी. एकट्या क्वेरीला एवढं काहीच नाही. पण दोन वर्षांचा डेटा असताना दोनशे बिलं काढायची आणि प्रत्येक बिलाला सगळं टेबल वाचायचं म्हटलं की पावणेसहा कोटींवर ओळी डोळ्यांखालून जातात. एक्सप्लेन क्वेरी प्लॅन असं क्वेरीच्या पुढं लिहून विचारलं तर 'स्कॅन' उत्तर आलं. उत्पादक आणि तारीख असा जोड इंडेक्स केल्यावर 'सर्च' आलं. रकान्यांचा क्रमही तोच पाहिजे, आधी उत्पादक आणि मग तारीख. भाचीनं ते स्वतःच शोधलं.

भाची : आता माझं ऐका मामा. संस्थेत दुसरा कॉम्प्युटर आलाय. एकावर संकलन, दुसऱ्यावर पेंडीची विक्री. फाईल कुठं ठेवणार?

मामा : एकावर ठेवायची, फोल्डर शेअर करायचं. फॉक्सप्रोला तसंच करायचो.

भाची : नाही चालणार. एसक्यूलाइटचं सगळं फाईलीच्या कुलपावर अवलंबून आहे, आणि शेअर केलेल्या फोल्डरवरची कुलपं भरवशाची नसतात. करणाऱ्यांनीच सांगितलंय, नेटवर्कवर फाईल ठेवून दोन ठिकाणांहून लिहू नका, बिघडेल. जर्नलऐवजी लावायची वॉल पद्धत तर नेटवर्कवर चालतच नाही.

मामा : वॉल म्हणजे ते २०१० मध्ये आलेलं? त्यात वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत म्हणून मी ते लावतो.

भाची : एकाच मशीनवर लावा, उत्तम आहे. पण त्यातही लिहिणारा एका वेळी एकच. दुसऱ्याला 'डेटाबेस लॉक्ड' येतं. बिझी टाइमआउट दिला तर दिलेल्या वेळेपर्यंत परत परत बघेल, तेवढंच. शिवाय यात वापरकर्ते नाहीत, परवानग्या नाहीत. ग्रँट-रिव्होक नाहीच. पेंड विकणाऱ्या मुलाला बिलाच्या टेबलाला हात लावू द्यायचा नाही, तर कसं अडवणार? फाईल ज्याच्या हातात, सगळं त्याच्या हातात.

मामा : दुसऱ्या कॉम्प्युटरनं पहिल्याशी बोलावं, फाईलीशी नाही. पहिल्यावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, तोच एकटा लिहील.

भाची : म्हणजे सर्व्हरच बांधायला निघालात की तुम्ही. मग बांधलेला का नको?

मामा : कारण बांधलेला कुणीतरी सांभाळावा लागतो. आवृत्ती बदलली, पासवर्ड विसरला, डिस्क भरली. रात्री अकराला फोन मला येतो. आणि बॅकअप? माझी एक फाईल आहे.

भाची : ती तरी नीट घेता का? परवा संकलन चालू असताना तुम्ही पेनड्राईव्हवर ड्रॅग करत होता. वॉल लावलंय म्हणता, मग ताज्या नोंदी मुख्य फाईलीत नसतातच, शेजारच्या वॉल फाईलीत असतात. ती घेतली होती का?

मामा : नव्हती.

भाची : बॅकअपची आज्ञा आहे, नाहीतर व्हॅक्यूम इन्टू, २०१९ पासून. काम चालू असतानाही पूर्ण, सुसंगत प्रत निघते. आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडायची, इंटिग्रिटी चेक चालवायचा, त्या दिवसाच्या लिटरची बेरीज वहीशी जुळवायची. नाहीतर तो बॅकअप आहे असं म्हणायलाच नको.

मामा : हे मात्र मान्य. उद्यापासून तसंच.

आतापर्यंत मामा विचारत होता, आता भाची विचारू लागली. दुसऱ्या कॉम्प्युटरचा मुद्दा वजनदार आहे. एका खोलीतल्या दोन यंत्रांसाठी मामाचा तोडगा चालेल. पण या पट्ट्यातल्या घरांचा धंदा एका खोलीत मावत नाही, आणि भाचीचं खरं कारण तेच होतं.

भाची : आता पप्पांचं सांगते. कोइमतूरला एक दुकान, त्रिशूरला काकांचं. गिऱ्हाईक दोन्हीकडं तेच. इकडं सोनं गाळायला टाकतो, तिकडं पैसे घेतो. वजन, टंच, मजुरी, बाकी. पप्पांना संध्याकाळी दोन्हीकडची बाकी एकत्र पाहिजे. हे तुमच्या एका फाईलीत कसं बसवणार?

मामा : नाही बसणार.

भाची : म्हणूनच म्हणते, पोस्टग्रेस. एका ठिकाणी सर्व्हर, दोन्ही दुकानं त्याला जोडलेली. एकाच वेळी दोघं लिहू शकतात, प्रत्येकाला आपली परवानगी, नावांचा मराठी क्रमसुद्धा लावता येतो. नोकरीचं सोडा, घरचंच काम आहे हे.

मामा : आणि त्रिशूरचं नेट गेलं तर? गिऱ्हाईक लगड हातात घेऊन उभं आहे, काका काय सांगणार, उद्या या?

भाची : तेवढ्यापुरतं वहीत लिहितील.

मामा : हिप यालाच वैतागला होता. सर्व्हर नाही तर काम नाही. वही कशाला, एसक्यूलाइट ठेव की दुकानात. दुकान आपल्या फाईलीत लिहील, नेट आलं की वरच्या पोस्टग्रेसला पाठवील.

भाची : मग दोन्ही दुकानांत पावती नंबर ४१ तयार होईल. वर गेल्यावर कुठली खरी?

मामा : दुकानाचा कोड नंबराचाच भाग कर. दोघं मिळून किल्ली.

भाची : आणि एकच नोंद दोन्हीकडं बदलली तर? पप्पांनी मजुरी कमी केली, काकांनी वाढवली. शेवटी आली ती ठेवायची का?

मामा : बदलायचीच नाही. उलटी नोंद. दूध संस्थेत ट्रिगर लावलास तोच इथं. कुणीच जुनी ओळ बदलत नसेल तर दोन दुकानांच्या ओळी नुसत्या एकत्र करायच्या. भांडण कशावर होणार?

भाची : थांबा मामा. मग वर पाठवताना प्रत्येक दुकानानं एवढंच लक्षात ठेवायचं, कुठल्या नंबरापर्यंत पाठवलं. मध्येच नेट तुटलं आणि तेच परत गेलं, तर तो नंबर आधीच असेल, म्हणून वरचा त्याला दुसऱ्यांदा घेणार नाही.

मामा : ते तुझ्या पोस्टग्रेसला सांगता येतं का?

भाची : येतं. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग'. एसक्यूलाइटमध्येही २०१८ पासून हीच वाक्यरचना आहे. मग मी दोन्ही शिकते. दुकानात हे, वर ते.

मामा : वजन मिलिग्रॅममध्ये ठेव.

भाची : ठेवणारच. टंचसुद्धा पूर्णांकात. पण गिऱ्हाइकाचं काय? कोइमतूरच्या वहीत एकाचं नाव एका तऱ्हेनं लिहिलंय, त्रिशूरच्या वहीत तोच माणूस दुसऱ्या नावानं. एकीकडं तमिळ उच्चारानं, एकीकडं मल्याळम. बाकी एकत्र कशी करू?

मामा : ते ना एसक्यूलाइट सांगेल ना पोस्टग्रेस. दोन नावांची एक यादी काढ, समोर रिकामा रकाना ठेव, आणि तुझ्या पप्पांना आणि काकांना फोनवर एकत्र बसव. हा तोच का, ते दोघंच सांगतील. त्यांनी सांगितलं की प्रत्येकाला एक कोड दे आणि जुनी दोन्ही नावं त्या कोडाखाली ठेव, पुसू नकोस.

भाची : चारशेच्या वर नावं आहेत.

मामा : मग रविवारी सकाळी लवकर फोन लाव. दुकान बंद असतं ना?

भाची : पप्पांचं असतं. काकांचं दुपारपर्यंत चालू असतं. संध्याकाळी लावते. आणि तोवर तुम्ही त्या दूध संस्थेच्या टेबलांना स्ट्रिक्ट करून टाका, मी लिहिलेलं दुरुस्त करून ठेवलंय. जुनं टेबल थेट स्ट्रिक्ट होत नाही; नवीन करून डेटा त्यात उतरवायला लागेल, आणि देवनागरी आकडे उतरवतानाच बदलून घ्यावे लागतील. बॅकअप आधी घ्या.

मामा : व्हॅक्यूम इन्टूनं.

भाची : हो. आणि उघडून बघा.